न विचारता झालेली मोजणी

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की मुळशी तालुका सुरू होण्याआधी त्याची विक्री सुरू होते. भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड, जिकडे बघावं तिकडे होर्डिंग. 'लेक व्ह्यू', 'कलेक्टर एनए', 'पुण्यापासून फक्त 40 मिनिटं'. ही 40 मिनिटं कुठल्या दिवशी, किती वाजता मोजली ते होर्डिंग सांगत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये चौकातला नवा उड्डाणपूल खुला झाला तेव्हापासून या मिनिटांना जरा जोर आला आहे, एवढंच.

तरीही या होर्डिंगांबद्दल मला अलीकडे थोडी माया वाटू लागली आहे. ती आपल्याकडे बघत नाहीत. एसटीतून जाणारी आजी, दुधाचे कॅन घेऊन निघालेला पोरगा आणि मोठ्या गाडीतला डॉक्टर, सगळ्यांना सारखंच दिसतं. कोण थांबलं, कोणी मान वळवली, कोणाच्या खिशात किती आहेत, याची होर्डिंगला खबर नसते. आपण पिरंगुटचा घाट ओलांडला की ते आपल्याला विसरतं. दिवाळी अंकातल्या जाहिरातीही तशाच. सोनाराची, सहकारी बँकेची, मसाल्याची, ज्याने अंक उघडला त्याच्यासाठी. या पानावर तुम्ही किती वेळ रेंगाळलात हे संपादकांनाही कधी कळणार नाही.

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही मुळशी धरणाच्या बाजूला गेलो होतो. कणीस खाल्लं, भिजलो, एका फार्मस्टेवर जेवलो. फाटकावरच्या वहीत नाव आणि मोबाईल नंबर लिहिला. "एन्ट्री लागते मॅडम," रखवालदार म्हणाला. सोमवारी सकाळी फोन उघडला तर मुळशी माझ्याआधी उठून बसली होती. फार्महाऊसचे प्लॉट, तळ्याकाठचे बंगले, 'वीकेंड होम'साठी कर्ज. दुपारी पहिला फोन आला. "मॅडम, मुळशीत इन्व्हेस्टमेंटचं काही बघताय का?" आठवडाभरात असे अकरा फोन झाले. दोघांनी तर मला नावानिशी हाक मारली.

घरात एकमत झालं की फोन आपलं बोलणं ऐकतो. गाडीत नवरा म्हणाला होता ना, इथे एखादा तुकडा घ्यायला हवा होता म्हणून!

ही समजूत आता घरोघरी आहे. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 साली ती तपासून पाहिली. अँड्रॉइडची 17 हजारांहून जास्त ॲप त्यांनी चाचणीला घेतली. गुपचूप माईक चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप मात्र स्क्रीनवर काय चाललंय त्याचं चित्रण करून तिसऱ्यालाच पाठवताना आढळली. कोणी कान लावून बसलेलं नाही हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण मग प्रश्न उरतो: ऐकल्याशिवाय यांना कळलं कसं?

डेटा आहे का डेटा?

पिरंगुटजवळ एका गाळ्यात जमिनींचे व्यवहार करणारे एक गृहस्थ बसतात. त्यांचं नाव इथे देत नाही. त्यांच्या टेबलावर गणपती, नकाशाची गुंडाळी आणि तीन मोबाईल होते. चहा सांगून झाल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्याकडे आयटीवाल्यांचा डेटा आहे का?"

'डेटा' हा शब्द मराठीत आल्यावर त्याचे दोन अर्थ झाले हे मला त्या गाळ्यात उमगलं. आपल्या घरात डेटा म्हणजे रोजचं दीड जीबी: "आज डेटा संपला." प्लॉटच्या धंद्यात डेटा म्हणजे एक्सेलच्या फाइलमधले फोन नंबर. अमुक सोसायटीचा डेटा, अमुक प्रदर्शनाला आलेल्यांचा डेटा, एनआरआय डेटा. एका दलालाकडून दुसऱ्याकडे तो उधार-उसनवार फिरतो, पूर्वी घरोघरी विरजण फिरायचं तसा. तिसरा अर्थ आपल्या पाठीमागे आपल्या वावरण्याचा जो माग पडत जातो, तो. त्याला आपल्याकडे अजून बोलीतलं नावच नाही, म्हणून त्याबद्दल भांडताही येत नाही.

गाळ्यातल्या पोराने मला जाहिरात कशी 'लावतात' ते दाखवलं. नकाशा उघडायचा. जागेवर टाचणी टोचायची. टाचणीभोवती हव्या तितक्या किलोमीटरचं वर्तुळ काढायचं. हिंजवडीवर एक टाचणी, बाणेरवर एक, कोथरूडवर एक. मग वय निवडायचं, आवडीनिवडी निवडायच्या. घर, गुंतवणूक, सहली. वर्तुळात जो सापडेल आणि चाळणीतून उतरेल त्याला जाहिरात.

दुसरी युक्ती याहून साधी. हातात असलेली नंबरांची यादीच जाहिरात कंपनीला द्यायची. नंबर उघडे जात नाहीत, त्यांचं सांकेतिक रूप जातं. कंपनीकडे वापरकर्त्यांच्या नंबरांची तशीच रूपं असतात. दोन्ही जुळली की त्या माणसाच्या फोनवर जाहिरात. "आणि वर म्हणायचं, यांच्यासारखीच अजून माणसं शोध," पोरगा म्हणाला. "ते शोधतंय. आपल्याला कोण ते कळत नाही, पण शोधतंय बरोबर." जाहिरातीखालच्या फॉर्ममध्ये नाव-नंबर आधीच भरलेले असतात, बोट लागलं की झाली 'लीड'. लीड थंड व्हायच्या आत फोन गेला पाहिजे, हा या धंद्याचा पहिला नियम.

माझं गूढ निम्मं तिथेच उकललं. फाटकावरची वही कुठेतरी एक्सेल झाली असणार. उरलेलं निम्मं माझ्या फोनने स्वतःच सांगितलं होतं. रविवारभर मी मुळशीत होते, नकाशा चालू होता, हवामानाचं ॲप चालू होतं, आणि संध्याकाळी 'मुळशीत जमिनीचा भाव' असं मीच शोधलं होतं. नवरा बोलला ते ऐकायची कोणाला गरजच नव्हती.

रुमालाखालचा सौदा

हिंजवडीचा राजीव गांधी इन्फोटेक पार्क मुळशी तालुक्यात येतो हे पुणेकरांच्याही पटकन लक्षात येत नाही. तिथे नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाने मला एका संध्याकाळी, माणच्या रस्त्यावर गाडी अडकलेली असताना, जाहिरातीचा लिलाव समजावून सांगितला. गाडी हलत नव्हती, त्यामुळे वेळ भरपूर होता.

"ताई, तू एखादं बातमीचं पान उघडतेस ना, तेव्हा जाहिरातीची चौकट रिकामी असते. तुझ्या फोनचा एक जाहिरात-क्रमांक असतो. तो, फोन कुठला, साधारण कुठे आहे, कुठलं पान उघडलंय, हे सगळं एका निरोपात बांधून बाजारात पाठवलं जातं. बोली लावणारे शेकड्यांनी असतात. जास्त बोली ज्याची, त्याची जाहिरात." आणि हे किती वेळात? सेकंदाचा साधारण दहावा भाग. पान पुरतं दिसण्याआधी आपण विकले गेलेलो असतो.

हा बाजार लांब अमेरिकेत कुठेतरी भरतो असं समजू नये. 2006 साली स्थापन झालेली आणि डिसेंबर 2020 मध्ये नॅस्डॅकवर नोंदली गेलेली पबमॅटिक ही कंपनी संकेतस्थळांच्या आणि ॲपच्या वतीने जाहिरातीची जागा अशा लिलावात विकते, आणि तिचं मोठं अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. जगभरच्या लिलावांची यंत्रणा लिहिणारी काही मराठी पोरं रोज याच वाहतुकीत अडकतात. त्यांच्या कामात बेकायदा काही नाही. ती एका बाजाराचे कट्टे बांधतात.

पण बाजार म्हटल्यावर मला जुने आडतबाजार आठवले. आडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं दाबायचे आणि भाव ठरायचा. ढीग शेतकऱ्याचा, शेतकरी शेजारी उभा, आणि सौदा काय झाला ते त्यालाच ठाऊक नाही. ही हत्ता पद्धत मोडून उघड लिलाव यावा म्हणून बाजार समित्यांमधून किती भांडणं झाली! आता तोच रुमाल पुन्हा पसरला आहे. फरक असा की ढीग आपलाच आहे, आणि आपण शेजारी उभे आहोत हेही आपल्याला माहीत नाही. शिवाय लिलावात हरलेल्यांच्या हातातही तो निरोप पडलेला असतो. जाहिरात एकाची लागते, पण आपण कुठे होतो ते अनेकांना कळून जातं.

निरोपात आपलं नाव नसतं, असं या धंद्यातले लोक आवर्जून सांगतात. खरं आहे. पण 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 15 लाख लोकांच्या मोबाईलच्या 15 महिन्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. कोण कुठे, किती वाजता होतं असे फक्त चार ठिपके मिळाले तर 95 टक्के माणसं इतरांपासून वेगळी काढता येतात, असं त्यात दिसलं. माझे चार ठिपके मीच सांगते. रात्री कोथरूड, सकाळी कर्वे रस्ता, गुरुवारी संध्याकाळी एक ठरलेलं देऊळ, रविवारी आईकडे भूगाव. या चार ठिपक्यांची मोट बांधणारी दुसरी बाई पुण्यात कुठे असणार? नाव कशाला हवं?

आणि 'ठिकाण कळू देऊ नका' असं बटण दाबलं की ते कळत नाही, याचीही खात्री नसते. बंगळूरची इनमोबी ही जाहिरात कंपनी 2016 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तावडीत सापडली. ठिकाण द्यायला नकार दिलेल्यांचाही माग ती जवळपासच्या वायफायच्या नोंदींवरून काढत होती आणि त्यात लहान मुलांची ॲपही होती, असा कमिशनचा आरोप होता. साडेनऊ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. दार लावलं तरी अंगणातल्या पावलांवरून माणूस ओळखायची ती तऱ्हा होती.

सातबाऱ्यावरचं नाव

खरेदीदार असा शोधला जातो. विकणारा कसा शोधतात, हे पिरंगुटच्या त्या गृहस्थांनी चहाच्या दुसऱ्या कपावर सांगितलं. त्यासाठी अमेरिकेतली कुठलीच कंपनी लागत नाही.

राज्य सरकारच्या महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं आणि गट नंबर टाकला की सातबारा फुकट बघता येतो. गट नंबर माहीत नसला तर आडनावानेही शोधता येतं. कोणाच्या नावावर किती क्षेत्र, वारस किती, सगळं दिसतं. आणि 'इतर अधिकार' या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजाही दिसतो. कर्जाखाली कोण आहे हे तलाठ्याच्या दप्तरात डोकावल्याशिवाय कळतं. नोंदणी झालेल्या दस्ताच्या सूची क्रमांक दोनमध्ये देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावं, वय, पत्ता असतो. गंमत म्हणजे दुसऱ्याचा सातबारा बघायलाही आधी स्वतःचा मोबाईल नंबर टाकावा लागतो.

या उघडेपणाला मी सरसकट दोष देणार नाही. सातबारा पोथीसारखा कडीकुलपात होता तेव्हा एकच जमीन तिघांना विकली जायची, बहिणींची नावं परस्पर कमी व्हायची, आणि उतारा हवा तर चकरा माराव्या लागायच्या. नोंद उघडी झाली तेव्हा गरिबाला ती पहिल्यांदा वाचता आली. पण ज्या उजेडात वारसाला आपला हक्क दिसतो त्याच उजेडात दलालाला अडलेला माणूस दिसतो. मुळशीतली जमीन, तिचा पैसा आणि त्या पैशाने केलेली धूळधाण यांवर प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' 2018 साली आला. त्या सिनेमातल्या दलालांना गावोगाव फिरून हेरावं लागत होतं. आता हेरगिरी बसल्या जागी होते.

शंभर वर्षांपूर्वीचे चर

टाचणी, वर्तुळ, यादी, बोजा. गाळ्यातून बाहेर पडले तेव्हा या सगळ्याला मिळून मराठीत एक जुना शब्द आहे हे सुचलं: मोजणी. मुळशीच्या माणसाला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शेताच्या बांधावर साखळी टाकणारा अनोळखी माणूस दिसला की पुढे काय होतं ते या तालुक्याने शंभर वर्षांपूर्वी बघितलं आहे.

पहिल्या महायुद्धानंतर टाटांच्या वीज कंपनीला मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज हवी होती. नीला-मुळेच्या संगमाजवळ धरण बांधायचं आणि पाणी घाटाखाली कोकणात भिऱ्याला सोडायचं, अशी योजना. मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं त्यात जाणार होती. गावकऱ्यांना धड काही सांगण्याआधीच शेतांमधून चाचणीचे चर खणले जाऊ लागले. हे चर कशाचे, हे कळेपर्यंत बेत पक्का झालेला होता. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तिथली. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. धरण मात्र झालंच. 1927 पर्यंत काम पुरं झालं आणि पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचं पाणी पश्चिमेला उतरून मुंबईचे दिवे पेटवू लागलं.

या लढ्याची एक दुखरी बाजू आज जास्त बोलकी वाटते. कागदोपत्री मालकांमध्ये पुण्याचे सावकार पुष्कळ होते. मोबदल्याची रक्कम ठरल्यावर त्यांचा विरोध मावळला. कसणारा एकटा पडला. आज माझा नंबर माझ्या नकळत जातो तो बहुतेक वेळा असाच, तिसऱ्याच्या सहीने. कोणीतरी कुठल्यातरी ॲपला आपली फोनबुक उघडून देतं, आणि त्यात मी असते. सोसायटीच्या फाटकावर, कपड्याच्या दुकानात, लकी ड्रॉच्या पेटीत माझी माहिती ज्याच्या हाती पडते तोच तिचा सातबारा आपल्या नावावर असल्यासारखा वागतो. बिलाच्या वेळी मोबाईल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला मे 2023 मध्ये दुकानदारांना सांगावं लागलं, ते उगाच नाही.

तुलना ताणायची म्हटली तर तुटेल, हे मला कळतं. जमीन गेली की चूल जाते. नंबर गेला तर फार तर दुपारची झोप जाते. पण दोन्हीकडे क्रम एकच आहे. आधी मोजायचं, मग ठरवायचं, आणि विचारायचं सगळ्यात शेवटी.

कायदा काय म्हणतो

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 साली कायद्याचा मसुदा दिला. मग मसुदे बदलत राहिले, आणि ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला. त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू करायला आणखी अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे.

कायद्यातली एक तरतूद मराठी वाचकाने गाठ मारून ठेवावी अशी आहे. माहिती घेण्याआधी काय घेणार आणि कशासाठी, याची स्वच्छ सूचना द्यायची, आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय ठेवायची. म्हणजे मराठीत. हे जर खरोखर झालं, तर 'आय ॲग्री'वर डोळे झाकून दाबलेलं बोट पहिल्यांदा थबकेल. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला कायद्याने मनाई आहे. सुरक्षेत हयगय केली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत.

पण दंड जाणार सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती सांडली त्याला काय? इथे पुण्याचा एक जुना धागा आहे. 2005 साली पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या काही कर्मचाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या सिटीबँक ग्राहकांचे पिन काढून घेऊन सुमारे साडेतीन लाख डॉलर वळते केले होते. देशभर ओरड झाली. अशा प्रकरणांनंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने कलम 43-अ आलं: माहिती सांभाळण्यात हलगर्जी झाली तर नुकसान झालेल्याला भरपाई. नव्या कायद्याने हेच कलम गाळायची तरतूद केली आहे. आणि जी माहिती कायद्यानेच जाहीर करावी लागते, ती नव्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. सातबाऱ्यावरच्या नावाने या दारावर फार आशेने थाप मारू नये.

तोवर हातात आहे ते करावं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाहिरातींच्या भागात जाहिरात-क्रमांक पुसून टाकायची सोय आहे. आयफोनमध्ये 'माग काढू नका' म्हणता येतं. ठिकाणाची परवानगी 'ॲप वापरत असतानाच' एवढीच ठेवावी. 1909 वर नको असलेल्या फोनची नोंद आणि तक्रार करता येते. प्लॉटची जाहिरात दिसली तर महारेराचा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड शोधावा. 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक आहे. माझे अकरा फोन यानंतर तीनवर आले. बंद झाले नाहीत.

धंदा बुडेल, ही ओरड मला पटत नाही. माणसाचा पाठलाग न करता पानावरचा मजकूर बघून जाहिरात लावता येते. मुंबईच्या दिव्यांक तुरखिया यांनी उभी केलेली मीडिया डॉट नेट ही कंपनी तशा जाहिरातींवरच वाढली आणि 2016 साली सुमारे 90 कोटी डॉलरना विकली गेली. पावसाच्या बातमीशेजारी छत्री विकायला माझं देऊळ कुठलं ते कळायची गरज नाही.

कशाला पाहिजे?

या लेखासाठी फिरताना एकदा धरणाच्या काठच्या एका वाडीत थांबले. ओसरीवर एक तात्या बसले होते, ऐंशीच्या पुढचे. त्यांचं मूळ गाव पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो, म्हणाले. त्यांचा आजा सत्याग्रहात होता. "आज्याला कुणी इचारलं न्हाई," एवढंच त्यांनी त्यावर सांगितलं आणि गप्प राहिले.

नातवाने घेऊन दिलेला फोन त्यांच्या हातात होता. कीर्तन लावलं होतं. मधेच कीर्तन थांबलं आणि जाहिरात लागली: निळं पाणी, हिरवी टेकडी, 'मुळशीत तुमचं हक्काचं घर'. कुठल्यातरी वर्तुळात तात्याही सापडले होते. त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला. "ही आमचीच टेकडी की," ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. हसणं थांबल्यावर कीर्तन पुन्हा सुरू व्हायची वाट बघत राहिले.

निघताना सवयीने मी वही काढली. "तात्या, तुमचा नंबर देता का?"

"कशाला पाहिजे?"

मी लेख लिहितेय, असं सांगितलं. काही अडलं तर विचारीन. दुसऱ्या कोणाला देणार नाही. काम झालं की खोडून टाकीन. हे सगळं बोलताना लक्षात आलं की इतकी वर्षं नंबर मागत आले, पण हे मला कोणी बोलायला लावलं नव्हतं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. थोडा विचार केला.

"मग नको," ते म्हणाले. "अडलं तर ये की हितंच. चहा पिऊ."

मी वही मिटली.